पैसे घेणारं घर परकं असतं का?

प्रश्न : ताई, मी 24 वर्षांची आहे. परदेशातल्या एका स्वयंसेवी कार्यक्रमासाठी माझी आठ महिन्यांकरता निवड झाली आहे. काम मुलांना शिकवण्यात मदत करण्याचं आहे, राहायचं एका कुटुंबात. ‘घरच्यासारखं राहाल’ असं संस्थेने सांगितल्यावर मी खूप खूश होते. मग कळलं, की त्या कुटुंबाला माझ्यापोटी दरमहा पैसे मिळणार आहेत. तेव्हापासून मन खट्टू झालंय. मी तिथे नक्की कोण, पाहुणी की भाडेकरू? घरातली कामं करायची की नाही? आईची काळजी वेगळीच आहे. अनोळखी घरात काही बिनसलं तर जायचं कुणाकडे? (मला ‘तू’च म्हणा.)

उत्तर : पैशाचं मनाला लावून घेऊ नकोस. घरात एक माणूस वाढलं, की वीज, गरम पाणी, जेवणखाण सगळंच वाढतं आणि तो खर्च कुणाला तरी सोसावा लागतो. स्वयंसेवकांना परदेशी पाठवणारी अमेरिकेची सरकारी संस्था पीस कोअर 1961 पासून चालू आहे. तिथे प्रशिक्षणाचे पहिले सुमारे तीन महिने स्वयंसेवक बहुधा स्थानिक कुटुंबातच राहतात, आणि कुटुंबाला त्यांच्या राहण्या-जेवणाचे पैसे मिळतात. त्या घरांशी जुळलेली नाती पुढे वर्षानुवर्षं टिकल्याचं सांगणारे कितीतरी जण आहेत.

माझंच सांगते. सव्विसाव्या वर्षी मी अकरा महिने अशा एका घरात राहिले. आजी, तिची मुलगी, जावई आणि दोन नातवंडं. माझे पैसे मी निघण्याआधीच संस्थेकडे भरले होते. तिसऱ्या महिन्यात एका रात्री मुलगी आणि जावई दबक्या आवाजात बोलत होते आणि त्यात माझं नाव दोनदा आलं. दुसऱ्या दिवशी मोडक्यातोडक्या भाषेत मी विचारलं. दोन महिन्यांचे पैसे त्यांच्यापर्यंत पोचलेच नव्हते. कडाक्याची थंडी होती. माझ्या खोलीतला हीटर रात्रभर चालायचा, मुलांच्या खोलीतला बंद असायचा. रोज दारावरून जाताना मला ते दिसत होतं आणि मी समजत होते, की त्यांना सवय असेल. आजही आठवलं की पोटात कालवतं.

म्हणून निघण्याआधी संस्थेला लेखी विचार : तू भरतेस त्यातले किती पैसे कुटुंबाला मिळतात, कोणत्या तारखेला मिळतात, उशीर झाला तर जबाबदार कोण. उत्तर द्यायला टाळाटाळ झाली, तर तिथेच थांब. आणि पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात घरच्यांशी हा विषय स्वतःहून काढ. अवघड वाटेल. पण हिशेब एकदा उघड झाला, की तुलाही उपकाराखाली वावरावं लागत नाही आणि त्यांनाही मन मारून गोड बोलावं लागत नाही. मग पाहुणी की भाडेकरू, हा प्रश्नच फारसा उरत नाही.

कामांचं म्हणशील, तर आपलं ताट, आपली खोली, आपले कपडे आणि घरात ज्याची त्याची पाळी असते त्यातली एक पाळी तुझी. एवढं न सांगता कर. पण रोज संध्याकाळी मुलं तुझ्यावर सोपवून सगळे बाहेर, असं होऊ लागलं, तर ते काम झालं. माझ्याबरोबरच्या एका मुलीचं नेमकं हेच झालं. दिवसभर शाळेत, रात्री घरी मुलं सांभाळायची, आणि ‘घरातलीच आहेस ना’ म्हटल्यावर तिला नाही म्हणता येईना. तासांना फूटपट्टी हवी असेल, तर युरोपियन सॉलिडॅरिटी कोअर या युरोपीय संघाच्या तरुणांसाठीच्या स्वयंसेवी कार्यक्रमाचे नियम बघ. तिथे आठवड्याला 30 ते 38 तास काम, साधारणपणे सलग दोन दिवस सुट्टी, शिवाय दर महिन्याला दोन दिवसांची रजा. तुझा कार्यक्रम दुसरा असला, तरी ‘आमच्याकडे किती?’ असं विचारायला हरकत नाही.

एक गोष्ट मात्र कुठल्याच करारात लिहिलेली नसते. दमून आल्यावर मी खोलीचं दार लावून घ्यायचे. त्यांना त्रास नको, हा माझा हेतू. आजीला वाटलं, माझं काहीतरी चुकलं म्हणून पोरगी रुसली. दार वाजवायची पंचाईत, म्हणून ती घडी केलेले कपडे उंबऱ्याशी ठेवून जायची. संस्थेच्या समन्वयक बाईंकडून हे कळल्यावर मी माझ्या वह्या घेऊन तिच्या टेबलाशी बसायला लागले. ती उसवलेले कपडे शिवायची. सुई, दोरा, गाठ, उसवणं हे शब्द मी तिच्याकडून शिकले, शिकवणीच्या वर्गात नव्हे. रोज अर्धा तास असं नुसतं बसत जा. बाकी वेळ दार खुशाल लाव, फक्त ‘दमलेय, झोपते’ एवढं सांगून.

आईला सांग, तिची काळजी रास्त आहे. कुटुंबाच्या नात्यागोत्यात नसलेला एक समन्वयक, त्याचा रात्रीही लागणारा फोन, गरज पडली तर घर बदलून मिळण्याची सोय आणि आतून कडी लागणारी खोली, या चार गोष्टी पक्क्या झाल्याशिवाय तिकीट काढू नकोस. पासपोर्ट तुझ्याजवळच राहू दे, ‘जपून ठेवतो’ म्हणाले तरी. आणि एखाद्या घरात जीव घाबरला, तर कारण शब्दांत मांडता येण्याची वाट बघू नकोस. आधी बाहेर पड, मग बोल.

प्रश्न : ‘पगार नाही, त्यामुळे पर्यटक व्हिसा चालेल’ असं एक मध्यस्थ म्हणतो. हे खरं का?

उत्तर : त्याच्या शब्दावर जाऊ नका. पगार नसला, तरी कितीतरी देश स्वयंसेवेला काम मानतात. युनायटेड किंगडमचं उदाहरण घ्या. तिथे पाहुणा म्हणून गेलेल्याला नोंदणीकृत धर्मादाय संस्थेसाठी एकूण 30 दिवसांपर्यंतच स्वयंसेवा करता येते, तीही मूळ भेटीच्या जोडीने. त्याहून जास्त करायची, तर त्यासाठीचा वेगळा व्हिसा लागतो आणि तो जास्तीत जास्त 12 महिन्यांचा असतो. तुम्ही जाणार त्या देशाच्या दूतावासाला ईमेल करून विचारा. उत्तराची छापील प्रत विमानात जवळ ठेवा. विमानतळावर प्रश्न तुम्हाला विचारतील, मध्यस्थाला नव्हे.