चादर, विणकर आणि जगाचा कर्ता

प्रश्न : आमच्या अभ्यासमंडळात वाद झाला. एकाचं म्हणणं, चादर आहे म्हणजे विणकर असणारच, तसाच जगालाही कर्ता असणार. दुसऱ्यानं विचारलं, "कारण असेलही, पण ते जाणतं आहे, त्याला इच्छा आहे, हे कशावरून?" यात बरोबर कोण? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : दुसऱ्यानं नेमकी जागा पकडली आहे. 'जगाला कारण आहे' हे एक पाऊल, 'ते कारण म्हणजे जाणता कर्ता' हे दुसरं. बहुतेक वादांत पहिलं कष्टानं सिद्ध करतात आणि दुसरं गृहीत धरतात.

नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या तार्किकांनी, तसं केलं नाही. त्यांचं अनुमान असं : पृथ्वी, अंकुर वगैरेंना कर्ता आहे, कारण ती कार्यं आहेत, घटासारखी. घटाच्या जागी पट म्हणजे कापड घ्या; तोही त्यांचा नेहमीचा दाखला, आणि सोलापुरात समजावून सांगावा लागत नाही. कापडाचं समवायी कारण (ज्याचं ते बनतं ते) सूत, असमवायी कारण (त्या सुताची जुळणी) धाग्यांचा संयोग, निमित्त कारण (घडवणारा आणि साधनं) विणकर आणि माग. ईश्वर फक्त निमित्त. परमाणू नित्यच आहेत. म्हणजे इथं शून्यातून निर्मिती नाही. हे ध्यानात ठेवलं नाही की चर्चा भलतीकडे जाते.

आता 'कर्ता' कोणाला म्हणायचं? ज्याला उपादानाचं, म्हणजे ज्यातून वस्तू बनते त्या द्रव्याचं, प्रत्यक्ष ज्ञान आहे, करण्याची इच्छा म्हणजे चिकीर्षा आहे आणि जो प्रयत्न करतो, त्याला. जाणतेपण येतं ते या व्याख्येतून. नैयायिक उदयनाचार्यांच्या 'न्यायकुसुमांजली'चा पाचवा स्तबक (प्रकरण) यासाठी जरूर वाचा.

बिघडतं ते व्याप्तीत, म्हणजे 'जिथं कार्य तिथं कर्ता' या नेमात. सातव्या शतकात बौद्ध तार्किक धर्मकीर्तींनी दाखवलं : घडा मातीचा, वारूळही मातीचं, तेवढ्यावरून वारूळ कुंभारानं केलं असं ठरत नाही. विणकर आणि चादर यांचा संबंध आपण पाहिलेला असतो. डोंगराच्या बाबतीत 'कार्य' हा शब्द तेवढा सारखा, संबंध कोणीच पाहिलेला नाही. माझ्या मते सगळ्यांत जड आक्षेप हाच.

दुसरा आक्षेप शरीराचा : पाहिलेले सगळे कर्ते देहधारी. यावर नैयायिकांचं उत्तर चांगलं आहे. आपला हात हलवायला आपल्याला दुसरा देह लागत नाही, म्हणून देह हा कर्तृत्वाचा आवश्यक भाग नाही.

तिसरा, कर्ता एकच कशावरून? एका चादरीमागे सूत रंगवणारा, ताणा भरणारा, नक्षीसाठी जकार्डची पत्ती पाडणारा, माग चालवणारा असे किती हात असतात! जैन तार्किकांनीही हेच विचारलं. नैयायिक लाघवाचा आधार घेतात : एकानं भागत असेल तर अनेक कशाला मानायचे? हे मला थोडं कमजोर वाटतं.

इस्लामी विचारवंत अल् गझालींची वाट वेगळी. अकराव्या शतकाच्या अखेरीस त्यांनी मांडलं की जगाला आरंभ आहे. जगाचं कारण अनादि आणि जड म्हणजे अजाण असतं, तर कार्यही अनादि असतं. विस्तव आणि कोरडं लाकूड कायम एकत्र असतील तर जाळ मध्येच कसा सुरू होईल? ज्याला निवड करता येते, तोच अनादि असूनही आरंभ घडवू शकतो. जाणतेपणाकडे जाणारी ही सर्वांत थेट वाट. पण विश्वाचा सुमारे 1380 कोटी वर्षांपूर्वी सुरू झालेला विस्तार तिच्या बाजूनं मांडताना जपा. त्यातून आरंभापूर्वी काही नव्हतं, हे सिद्ध होत नाही. आणि काळच विश्वाबरोबर सुरू झाला असेल, जसं गझालीही मानत, तर 'मध्येच' या शब्दाला अर्थ काय उरतो, याचं उत्तर पहिल्या सभासदाला द्यावं लागेल.