किती तास बसलीस, हे मला सांगू नकोस

प्रिय मुली,

एमपीएससीच्या राज्यसेवा परीक्षेसाठी तू केलेल्या वेळापत्रकाचा फोटो पाहिला. पहाटे साडेचारला उठायचं, सहाला अभ्यासिका, रात्री साडेदहाला खोलीवर. मधे पाच विषयांना पाच रंग. खाली तू विचारलंयस, "सर, रोज चौदा तास भरतात, तरी सराव परीक्षेत गुण हलत नाहीत. झोप आणखी एक तास कमी करू का?"

नाही. झोपेला हात लावायचा नाही. आणि "तास भरतात" हे आधी डोक्यातून काढ. खुर्चीत बसलं की तास भरतातच. पुस्तक मिटल्यावर कोऱ्या कागदावर जेवढं लिहिता येतं, तेवढाच त्या दिवसाचा अभ्यास. बाकीचं नुसतं बसणं.

उद्या पंचायतराज घे. 10-12 पानं, जास्तीत जास्त 50 मिनिटं. अधोरेखन नको, रंगीत पेन नको. मग पुस्तक पिशवीत टाक. बाकावर उघडं राहिलं तर नजर जातेच. कोरा कागद घे आणि 15 मिनिटं आठवेल ते लिही: बलवंतराय मेहता समिती 1957, वसंतराव नाईक समितीनंतर महाराष्ट्रात 1 मे 1962 पासून जिल्हा परिषदा, अशोक मेहता समितीची द्विस्तरीय शिफारस, 73वी घटनादुरुस्ती, 24 एप्रिल 1993, अकरावी अनुसूची, 29 विषय. अडलीस तरी पुस्तक काढायचं नाही. अडणं हाच अभ्यासाचा भाग आहे आणि तुम्ही मुलं नेमकी तिथेच पळ काढता. 15 मिनिटं संपली की पुस्तक उघड आणि चुकलेलं, सुटलेलं लाल पेनाने त्याच कागदावर लिही. दोन मेहतांची अदलाबदल झालेली दिसेल. अकराव्या अनुसूचीचे 29 आणि बाराव्या अनुसूचीचे 18 विषय एकमेकांत गेलेले दिसतील. हे लाल अक्षर म्हणजे तुझे हातून जाणारे गुण. पूर्व परीक्षेत चार उत्तरं चुकली की एका बरोबर उत्तराचे गुण जातात. अर्धवट ओळखीचा विषय तिथे न वाचलेल्या विषयापेक्षा महाग पडतो, कारण न वाचलेला प्रश्न तू सोडून तरी देतेस.

तोच विषय दुसऱ्या दिवशी, सातव्या दिवशी आणि एकविसाव्या दिवशी पुन्हा लिही. प्रत्येक वेळी नवा कोरा कागद, आणि वेळ फक्त पाच-सात मिनिटं.

हा माझा लहरीपणा नाही. एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1885 मध्ये स्वतःवर मोजून दाखवलं की निरर्थक अक्षरांची पाठ केलेली यादी एका दिवसात बहुतांश निसटते. 2006 मध्ये रोएडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांचे गट केले. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा लिहिणारे पुढे गेले. आणि आपल्याला जास्त लक्षात राहील अशी खात्री होती ती पुन्हा वाचणाऱ्यांनाच! तुझ्या चौदा तासांचं नेमकं हेच झालंय. तिसऱ्या वाचनात सगळं ओळखीचं वाटतं, त्या ओळखीलाच तू तयारी समजतेस.

जास्त तास म्हणजे जास्त काम, हा समज जिथे नगावर काम मोजता येतं तिथेही टिकलेला नाही. पहिल्या महायुद्धात ब्रिटनच्या दारूगोळा कारखान्यांतल्या कामगारांच्या नोंदी अर्थशास्त्रज्ञ जॉन पेनकॅव्हेल यांनी 2014 मध्ये तपासल्या. त्यांत बहुतेक स्त्रिया होत्या. आठवड्याला 70 तास राबून निघालेलं काम 56 तासांच्या कामाहून फारसं वेगळं नव्हतं. तू तर डोक्याने काम करतेस.

आता वेळापत्रक. ते मोडतं म्हणून तू स्वतःला आळशी म्हणतेस, त्याचा मला राग येतो. मानसशास्त्रज्ञ बुएलर आणि सहकाऱ्यांनी 1994 मध्ये विद्यार्थ्यांना प्रबंध कधी संपेल ते विचारलं. सरासरी अंदाज सुमारे 34 दिवसांचा होता, लागले 55 हून अधिक. म्हणून जो धडा दोन दिवसांचा वाटतो त्याला तीन दिवस दे. रविवार दुपारनंतर मोकळा ठेव. आठवड्याचं उरलेलं तिथे जाईल, काही उरलं नाही तर झोप काढ. पाच रंगही नकोत. दिवसाला दोन विषय, फार तर तीन. विषय बदलला तरी मागचा विषय डोक्यात रेंगाळतो. दर तासाला बदललंस तर दिवसभर कशातच पूर्ण नसतेस. दोन विषयांमध्ये दहा मिनिटं चाल. मोबाइलशिवाय.

पहाटेचा आग्रहही सोड. ज्यांना पहाट मानवते त्यांनी उठावं. तुला सात तास झोप हवी, ती कुठल्याही वेळी बसव. फक्त एक पाळ: पूर्व परीक्षेचा दुसरा पेपर, म्हणजे आकलन आणि बुद्धिमत्तेचा सीसॅट, दुपारी असतो, म्हणून त्याचा सराव जेवणानंतरच्या पेंगुळत्या वेळी कर, घड्याळ लावून, पूर्ण दोन तास. मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक आहे. सामान्य अध्ययनाचा पेपर 250 गुणांचा, वेळ 180 मिनिटं. म्हणजे दहा गुणांच्या उत्तराला जेमतेम सात मिनिटं. ती सात मिनिटं वाचून येत नाहीत, लिहूनच येतात. पुन्हा तेच, कोरा कागद.

"सर हट्टी आहेत, मुलांना तासांची शिस्त लावत नाहीत" असं पालक म्हणतात, तुझ्याही कानावर आलं असेल. म्हणू देत. मी हजेरीपेक्षा लाल पेनाचे कागद बघतो आणि बघत राहणार. पेठेतल्या खोल्यांमधून तासांचे हिशेब जपत वर्षं घालवून गावी परतलेली हुशार मुलं मला आठवतात. त्यांच्या कष्टांत काही कमी नव्हतं. कष्ट कशाने मोजायचे हे कुणी धरून सांगितलं नाही, एवढंच. म्हणून तुला इतकं बजावतोय.

पहिले दहा दिवस जड जातील. रोज निम्मीच पानं होतील, शेजारच्या बाकावरची मुलगी तिसरं पुस्तक संपवेल, आणि तुझ्या कागदावर निळ्यापेक्षा लाल जास्त दिसेल. तिथे घाबरून पुन्हा वाचनाकडे वळू नकोस. वळायचंच असेल तर आधी मला फोन कर. सातव्या दिवसाचा कागद पहिल्या दिवसाच्या शेजारी ठेव आणि लाल शब्द मोज. ते कमी झाले नसतील तर एका बैठकीची पानं निम्मी कर, तास वाढवू नकोस. आणि घरून बाबांनी "आज किती तास झाले?" विचारलं तर सांग, "पंचायतराज न बघता लिहिलं, चार चुका झाल्या." त्यांना दोनदा समजावून सांगावं लागेल. सांग.