पेन स्पेशालिस्टकडे पहिल्यांदा जाताना

ताई, इतके महिने कंबरेचं दुखणं अंगावर काढलंत, आता दाखवताय हे फार बरं केलंत. पेन स्पेशालिस्ट, म्हणजे दुखण्यावर उपचार करणारे डॉक्टर, बरेचदा मूळचे भूलतज्ज्ञ असतात, त्यामुळे गेल्या गेल्या ऑपरेशनचं बोलणं निघेल ही धास्ती नको.

नुसतं ‘कंबर दुखते’ म्हणू नका. ठाण्याहून लोकलमध्ये उभं राहून जास्त दुखतं की ऑफिसात बसून? घोडबंदर रोडला रिक्षा खड्ड्यात आदळली की कळ पोटरीत, अंगठ्यापर्यंत उतरते का? खोकल्यावर वाढते का? कोणती नस दबली असावी याचा अंदाज त्यावरूनच येतो. एमआरआयमध्ये ‘डिस्क बल्ज’ (मणक्यांमधली चकती थोडी फुगलेली) वाचून घाबरू नका, काहीही न दुखणाऱ्या माणसांतही तो दिसतो.

इंजेक्शन सुचवलं तर कुठे आणि कशासाठी ते विचारा. रक्त पातळ करायची गोळी, डायबेटिस आधीच सांगा. इंजेक्शनमध्ये स्टेरॉइड असेल तर त्याने साखर काही दिवस वाढते. आणि आराम पडला की त्याच दिवसांत फिजिओथेरपी नेटाने करा, तिथेच बरेच जण ढिले पडतात.

लघवी अडली, बैठकीची जागा बधिर झाली किंवा पायातली ताकद जायला लागली, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता थेट मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा.