वाचकांचे प्रश्न : आयोवातील चौदा जणांचा ‘सिनियर’ वर्ग

प्रश्न : माझी मुलगी नोकरीनिमित्त अमेरिकेतील आयोवा राज्यात राहते. तिथल्या एका शेतघरातील जुन्या सामानाच्या विक्रीत तिला एका खेड्यातील हायस्कूलचा 1951 सालचा वार्षिकांक मिळाला आणि दिवाळीत येताना तो तिने माझ्यासाठी आणला. मी बत्तीस वर्षे ग्रामीण भागात शिकवले असल्यामुळे तो अंक पुन्हा पुन्हा चाळते आहे. शेवटच्या वर्षाच्या, म्हणजे ‘सिनियर’ वर्गाच्या पानावर चौदाच मुलामुलींची छायाचित्रे आहेत आणि आपल्याकडे विद्यापीठाच्या पदवीदानाला असतो तसा झगा व चौकोनी टोपी प्रत्येकाने घातली आहे. वर्गाचे ब्रीदवाक्य, वर्गाचे फूल आणि वर्गाचे रंग वेगळे छापले आहेत. पुढे वर्गाचे चक्क ‘मृत्युपत्र’ आहे, त्यात एका मुलाने शाळेच्या बसमधील आपली मागची जागा धाकट्या भावाच्या नावे केली आहे. मुलींच्या बास्केटबॉल संघात खेळणाऱ्या सहा जणी दाखवल्या आहेत. माझ्या माहितीप्रमाणे त्या पाच असायला हव्यात. शाळा संपल्याचा एवढा सोहळा कशासाठी, वर्ग इतका लहान का, आणि ही मुले पुढे कुठे गेली असतील?
— एक निवृत्त मुख्याध्यापिका, जिल्हा सातारा

उत्तर : ‘ग्रॅज्युएट’ हा शब्द आपल्याकडे विद्यापीठाच्या दारातून आला, त्यामुळे तो ऐकला की बी.ए., बी.एस्सी. डोळ्यांसमोर येते. अमेरिकेत मात्र नववी ते बारावी असे चार वर्षांचे हायस्कूल पुरे करणाऱ्यालाही ‘ग्रॅज्युएट’च म्हणतात. आपल्याकडे 1975 पर्यंत अकरावीची शालान्त परीक्षा मंडळ घेत असे, पेपर अनोळखी परीक्षक तपासत आणि निकाल वर्तमानपत्रात लागेपर्यंत घरोघरी जीव टांगणीला लागलेला असे. आयोवातील या खेड्यात तसला निकालाचा दिवसच नव्हता. ठरलेल्या विषयांचे ठरलेले तास आणि श्रेणी पुऱ्या झाल्या की शाळाच प्रमाणपत्र देई, आणि कोणाचे काय होणार हे मे महिना उजाडण्यापूर्वी अर्ध्या गावाला ठाऊक झालेले असे. त्यामुळे परीक्षेची जी धडधड आपल्याला परिचित आहे ती तिथल्या सोहळ्यात नव्हती. त्याचे महत्त्व दुसऱ्याच कारणाने होते.

ते कारण श्रोत्यांच्या खुर्च्यांवर बसलेले असे. 1900 च्या सुमारास अमेरिकेत सतरा वर्षांच्या शंभर मुलांमागे जेमतेम 6 जण हायस्कूल पुरे करत. 1940 मध्ये हे प्रमाण वाढून पन्नासच्या आसपास गेले आणि 1950 मध्ये 59 पर्यंत पोचले. म्हणजे तुमच्या अंकातील चौदा जणांच्या आईवडिलांपैकी बरेच जण आठवीनंतर नांगरामागे किंवा चुलीपुढे गेलेले असणार, आणि आजीआजोबांपैकी तर हायस्कुलात पाऊल टाकलेले फार थोडे. बहुतेक घरांत या झग्यानंतर दुसरा झगा येणार नव्हता. आपल्याकडे पहिल्या मॅट्रिक झालेल्या मुलाचे नाव गावाने किती दिवस घेतले, हे आपणास मी सांगायला नको.

आता वर्ग लहान का, याविषयी. त्या काळी ग्रामीण अमेरिकेत शाळा चालवणारा ‘स्कूल डिस्ट्रिक्ट’ हा शाळेपुरता कर गोळा करणारा स्वतंत्र विभाग असे आणि तो कधी कधी दोन-चार मैलांच्या टापूएवढाच असे. त्यात एक खोली, एक शेगडी, एक बाई आणि पहिली ते आठवीची सगळी मुले. 1940 मध्ये अशा एकशिक्षकी शाळा देशभरात 1 लाख 13 हजारांहून अधिक होत्या. 1950 मध्ये त्या सुमारे 60 हजार आणि 1960 मध्ये सुमारे 20 हजार उरल्या. आठवी झालेली मुले मग जवळच्या बाजारगावातील हायस्कुलात जात. पूर्वी त्यासाठी कोणा ओळखीच्याकडे सोमवार ते शुक्रवार राहावे लागे. रस्ते सुधारले आणि बस आली तशी ही पंचाईत मिटली. शाळेची बस सर्वत्र एकाच पिवळ्या रंगाची असावी हे 1939 मध्ये न्यूयॉर्कमध्ये भरलेल्या परिषदेत ठरले. ती भरवणारे प्राध्यापक फ्रँक सायर हे ग्रामीण शिक्षणाचेच अभ्यासक होते. तरीही काही शे वस्तीच्या गावात, आसपासची शेते धरूनही, एका इयत्तेत दहा-वीसच मुले जमत. बसमधील मागची जागा मृत्युपत्रात का आली, हेही यावरून लक्षात येईल. रोज सकाळ-संध्याकाळ मातीच्या रस्त्यावरून तासभर हिंदकळत जाणाऱ्या मुलाच्या मालकीचे शाळेत दुसरे काय होते?

हे ‘मृत्युपत्र’ आणि त्याच्या जोडीला येणारे ‘भविष्य’, म्हणजे वीस वर्षांनी कोण काय झालेला असेल याचे थट्टेखोर भाकीत, हा अशा वार्षिकांकांचा ठरलेला मजकूर होता. कोणी आपले गणितातले अज्ञान खालच्या वर्गाला देई, तर कोणी आपला उशिरा येण्याचा हक्क. अकरावीचा वर्ग, म्हणजे ‘ज्युनियर’, वर्षभर सामन्यांच्या वेळी खाद्यपदार्थ विकून पैसे साठवी आणि वसंतात सिनियरांना मेजवानी देई. मे महिन्यातील एका रविवारी संध्याकाळी चर्चमध्ये किंवा शाळेच्या जिममध्ये ‘बॅकलॉरिएट’ नावाची प्रार्थनासभा होई आणि तिथे गावातील एखादा पाद्री प्रवचन देई. सरकारी शाळांनी मुलांकडून प्रार्थना म्हणवून घेऊ नये असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1962 मध्ये दिला. 1951 च्या खेड्यात शाळा आणि चर्च यांच्यातील उंबरठा फार उंच नव्हता. त्याच आठवड्यात मुख्य समारंभ. बास्केटबॉलच्या मैदानावर घडीच्या खुर्च्या, व्यासपीठावर लायलॅक किंवा पिओनीची फुले, बाहेर उभ्या गाड्यांच्या चाकांना मक्याच्या शेतातली काळी माती, कारण आयोवात मक्याच्या पेरणीची घाई नेमकी याच दिवसांत असते. वर्गात पहिला येणारा ‘व्हॅलेडिक्टोरियन’ आणि दुसरा येणारा ‘सॅल्युटेटोरियन’ या दोघांनी भाषण करायचे, अशी रीत. मोठ्या शहरी शाळेत हा मान शेकड्यांतून मिळे. चौदांच्या वर्गात सातांमागे एकाला उभे राहावेच लागे. हुशार पण बुजऱ्या मुलांचे काय होत असेल, याची कल्पना आपण शिक्षिका या नात्याने करू शकाल. प्रमाणपत्र हाती आले की टोपीचा गोंडा एका बाजूचा दुसऱ्या बाजूला करायचा आणि खाली उतरायचे.

सहा मुलींचा संघ ही चूक नाही, ती खास आयोवाची ओळख आहे. तिथल्या मुलींच्या बास्केटबॉलमध्ये तीन जणी फक्त चढाई करत आणि तीन जणी फक्त बचाव. मधली रेषा कोणी ओलांडायची नाही आणि चेंडू दोनदाच टप्पा देऊन पुढे द्यायचा, असा नियम होता. 1925 मध्ये राज्याच्या शालेय क्रीडा संघटनेने मुलींच्या स्पर्धा बंद करायचे ठरवले, तेव्हा लहान गावांतील शाळांनी मुलींसाठी स्वतंत्र संघटना उभारली आणि स्पर्धा चालू ठेवली. शहरांतील मोठ्या शाळा बाहेर राहिल्या, खेडी मात्र हट्टाला पेटली. सहा जणींचा हा खेळ 1993 पर्यंत टिकला. मला स्वतःला त्या साऱ्या वार्षिकांकात हेच पान सर्वांत मोलाचे वाटते, कारण देशात बहुतेक ठिकाणी मुलींनी प्रेक्षकांत बसून टाळ्या वाजवायच्या त्या काळात इथे सगळे गाव मुलींच्या सामन्यासाठी दुकाने बंद करून जात असे.

ही मुले पुढे कुठे गेली, हा आपला सर्वांत अवघड प्रश्न. नावागणिक सांगता येणार नाही, पण वाटा ठरावीक होत्या. मुलांपैकी काहींच्या अंगावर निळे कॉर्डरॉयचे जॅकेट दिसत असेल, तर ते ‘फ्यूचर फार्मर्स ऑफ अमेरिका’ या 1928 मध्ये स्थापन झालेल्या संघटनेचे. हायस्कुलातील शेतीच्या वर्गाला 1917 च्या स्मिथ-ह्यूज कायद्याने केंद्राचे पैसे मिळत, आणि त्या वर्गातील मुले या संघटनेचे सदस्य होत. मुलींना तिथे 1969 पर्यंत प्रवेश नव्हता. त्यांच्यासाठी गृहविज्ञान होते. शाळा अशी शेतकरी घडवत होती आणि त्याच वेळी शेतकऱ्यांची गरज कमी होत होती. ट्रॅक्टर आणि मका तोडणारे यंत्र आल्यावर एका कुटुंबाला पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक जमीन कसता येऊ लागली. देशातील शेतांची संख्या 1950 मध्ये सुमारे 54 लाख होती, ती 1959 मध्ये सुमारे 37 लाखांवर आली. तिघा भावांपैकी एक शेतावर राही. बाकीचे वॉटरलूच्या जॉन डीअर ट्रॅक्टर कारखान्यात, न्यूटनच्या मेटॅग धुलाईयंत्रांच्या कारखान्यात किंवा त्याहून दूर जात. थोडे जण एम्सच्या शेतकी महाविद्यालयात, म्हणजे आजच्या आयोवा स्टेट विद्यापीठात, पोचत.

या विशिष्ट वर्गावर आणखी एक सावट होते. कोरियाचे युद्ध जून 1950 मध्ये सुरू झाले होते. अठरा पुऱ्या झालेल्या प्रत्येक मुलाला सैन्यभरतीसाठी नाव नोंदवावे लागे, आणि या मुलांनी झगे परत केल्यानंतर महिन्याभरात, जून 1951 मध्ये, सक्तीच्या भरतीचे किमान वय 19 वरून साडेअठरा करण्यात आले. शेतीत ज्याच्यावाचून अडेल त्याला सूट मिळे. पण कोणावाचून अडते हे गावातल्याच ओळखीच्या माणसांचे स्थानिक मंडळ ठरवी. त्यातून किती घरांत अबोला झाला असेल, हे वेगळे सांगायला नको. मुलींची वाट अधिक लवकर ठरे. 1950 मध्ये अमेरिकन स्त्रीच्या पहिल्या लग्नाचे मध्यम वय 20.3 वर्षे होते. काही जणी परिचर्येच्या शिक्षणाला, काही टंकलेखन करून काउंटीच्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या, कचेरीत, आणि काही जणी थोड्याशा प्रशिक्षणावर थेट त्याच एकखोलीच्या शाळेत बाई म्हणून जात, जिथे त्या चार-पाच वर्षांपूर्वी बाकावर बसत होत्या.

प्रश्न : अशा सोहळ्यात कृष्णवर्णीय विद्यार्थी कधी दिसत का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : आयोवाच्या खेड्यांत कृष्णवर्णीय कुटुंबे फारच थोडी होती. दक्षिणेतील राज्यांत शाळाच वेगळ्या होत्या. सातारच्या बाईंकडील अंक छापला जात होता त्याच वसंतात, 23 एप्रिल 1951 रोजी, व्हर्जिनियातील फार्मव्हिल या गावात मोटन हायस्कूलच्या विद्यार्थ्यांनी संप केला. 180 मुलांसाठी बांधलेल्या इमारतीत 450 हून अधिक मुले शिकत होती, आणि जादा वर्ग डांबरी कागद ठोकलेल्या खोपटांत भरत. संपाची पुढारी बार्बरा जॉन्स सोळा वर्षांची होती. तिच्या सुरक्षिततेसाठी घरच्यांनी तिला अलाबामात काकांकडे पाठवले, त्यामुळे शेवटचे वर्ष तिला स्वतःच्या शाळेत काढता आले नाही. या संपातून उभा राहिलेला खटला पुढे, शाळांतील वर्णावरून केलेली विभागणी घटनाबाह्य ठरवणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या 1954 च्या ‘ब्राऊन’ निकालात सामील झाला. निकाल मानायचा नाही म्हणून त्या प्रिन्स एडवर्ड काउंटीने 1959 मध्ये सगळ्या सरकारी शाळांनाच कुलूप लावले, ते 1964 पर्यंत. गोऱ्या मुलांसाठी खासगी शाळा निघाली. कृष्णवर्णीय मुलांपैकी काही नातेवाइकांकडे परगावी गेली आणि कित्येकांचे शिक्षण तिथेच तुटले. या मुलांना 2003 मध्ये मानद प्रमाणपत्रे देण्यात आली, तेव्हा त्यांतील बरेच जण साठीला टेकलेले होते.

प्रश्न : या वार्षिकांकाचे मी आता काय करावे?
— पहिल्याच प्रश्नकर्त्या

उत्तर : मुलीबरोबर तो परत पाठवावा, असे मी सुचवीन. लहान हायस्कुले पुढच्या काळात एकमेकांत विलीन झाली. आज आयोवातील अनेक स्कूल डिस्ट्रिक्टची नावे दोन-तीन गावांची नावे जोडचिन्हाने जोडून झालेली दिसतात, आणि जुन्या शाळेच्या जागी कित्येकदा गवत असते. तरीही बंद पडलेल्या अनेक शाळांचे माजी विद्यार्थी वर्षातून एकदा जेवणासाठी जमतात आणि सालवार वर्ग पुकारले जातात. 1951 च्या वर्गातील जे हयात असतील ते नव्वदी ओलांडून गेले असतील. अंकावरील गावाचे नाव घेऊन आपल्या कन्येने त्या काउंटीच्या ग्रंथालयात किंवा स्थानिक इतिहास मंडळात चौकशी करावी. पाठवण्यापूर्वी प्रत्येक पानाचे छायाचित्र मात्र काढून ठेवावे आणि मृत्युपत्राचे पान जरा जास्त काळजीने टिपावे.