गोठ्याचा खांब बुडाशी का गंजतो

पन्हाळ्याकडच्या गोठ्याच्या शेडला रेड ऑक्साइड आणि ऑइल पेंट दोनदा मारूनही एमएस (साध्या लोखंडाचे) पाइप बुडाशी पोपडे धरतात, आता कोणत्या कंपनीचा रंग घेऊ, असं विचारलंय. दादा, कंपनी बदलून काही होणार नाही.

रेड ऑक्साइड म्हणजे आयर्न ऑक्साइडच. पाणी थोडंफार अडवतो, बस्स. तुमच्याकडे खरा त्रास गोमूत्राचा. त्यातले क्षार गंजाच्या खाचांत बसतात, वर कितीही भारी रंग मारा, रंगातून ओल ओढतात आणि फोड येतात. म्हणून बुडाचा दोन-अडीच फूट भाग आधी साध्या पाण्याने घासून धुवा. वाळल्यावर ग्राइंडरला वायर ब्रश लावून गंज काढा, पुन्हा धुवा. ब्रशने लोखंड चकचकीत होतं, फॅब्रिकेटर खूश होतो, पण गुळगुळीत लोखंडाला रंग धरत नाही. ८० नंबरचा पॉलिश पेपर फिरवून खरखरीत कराच.

त्यावर टू-पॅक इपॉक्सी मॅस्टिक, म्हणजे रंग आणि हार्डनर असे दोन डबे मिसळून लावायचा जाड रंग, दोन हात. हार्डनर डब्यावरच्या प्रमाणातच, अंदाजपंचे नको. कडा आणि वेल्डिंगवर रंग पातळ बसतो. तिथे आधी ब्रशने एक जादा हात द्या. दुकानदार झिंक रिच (जस्ताची पूड भरपूर असलेला) प्राइमर पुढे करेल. तो ब्लास्टिंग केलेल्या, म्हणजे खरखरीत कणांचा जोरदार मारा करून साफ केलेल्या उघड्या लोखंडावरच काम करतो, तुमच्या जुन्या पाइपवर पैसे वाया. इपॉक्सी उन्हात पांढुरकी पडते, म्हणून बाहेरच्या खांबांना वरून पीयूचा (पॉलीयुरेथेन रंगाचा) हात. आत गरज नाही.

काम मे महिन्यातच उरका, मृगाची वाट बघू नका. आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली आणि लोखंडाचं तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला दव धरतं त्यापेक्षा) किमान ३ अंशांनी जास्त हवं. सकाळी पाइपवर दव असेल तर डबा उघडूच नका.

पुढे शेड वाढवणार असाल तर मी रंगाच्या भानगडीत न पडता हॉट डिप गॅल्व्हनायझिंग सुचवीन. सुमारे ४५० अंशांच्या वितळलेल्या जस्तात पाइप बुडवतात. ओरखडा पडला तरी जस्त आधी झिजतं, लोखंड वाचतं. दोन्ही टोकं बंद केलेल्या पाइपला मात्र आधी भोकं पाडावी लागतात, नाहीतर आतली हवा तापून पाइप फुटतो. आणि जस्तावर थेट ऑइल पेंट मारू देऊ नका, तेलाची जस्ताशी रासायनिक क्रिया होऊन तो सोलून निघतो.

खांबाभोवती बाहेर उतरता काँक्रीटचा कट्टा करून घ्या. शेण-मूत तिथे साचत राहिलं तर इपॉक्सीही फार टिकणार नाही.