वाचकांचे प्रश्न : स्काऊट पथकासाठी जिओकॅशिंग

प्रश्न : दादरच्या आमच्या शाळेत सहावी ते नववीच्या मुलांचे स्काऊट पथक आहे. दडवलेले डबे जीपीएसच्या साहाय्याने शोधून काढण्याचा जिओकॅशिंग हा खेळ परदेशातील स्काऊट खेळतात, असे वाचनात आले. मुंबईत तो घेता येईल का, आणि घ्यायचा झाल्यास जागा कोणती निवडावी?
– एक स्काऊट शिक्षक, दादर

उत्तर : अवश्य घेता येईल, मात्र परदेशात तो जसा खेळला जातो तसाच्या तसा मुंबईत आणू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. नागरी वापराच्या जीपीएस संकेतांत हेतुपुरस्सर ठेवलेली त्रुटी अमेरिकेने मे 2000 च्या प्रारंभी काढून टाकली, आणि लगेच 3 मे रोजी ऑरेगन राज्यात एका हौशी गृहस्थाने रानात वस्तूंनी भरलेली बादली ठेवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. तेथून हा खेळ सुरू झाला. अमेरिकेतील बॉय स्काऊट संघटनेने 2010 मध्ये त्यासाठी गुणवत्ता पदकही सुरू केले. डब्यात एक नोंदवही असते. डबा सापडला की तीत नाव लिहायचे, आतली वस्तू घेतल्यास तेवढ्याच किंवा अधिक मोलाची दुसरी ठेवायची आणि डबा होता तेथे परत ठेवायचा. खाद्यपदार्थ ठेवायचे नाहीत, डबा जमिनीत पुरायचा नाही आणि जागेच्या मालकाची परवानगी घ्यायची, हे नियम आपल्यालाही जसेच्या तसे लागू करता येतील.

अडचण आहे ती डबा कायमचा दडवून ठेवण्याची. बेवारस वस्तू दिसल्यास हात न लावता पोलिसांना कळवा, ही सूचना ऐकतच मुंबईकर लोकलने प्रवास करतो. त्यामुळे झुडपाआड दिसलेल्या बंद डब्याने धावपळ उडाली, तर दोष पाहणाऱ्याचा नव्हे. म्हणून डबे एका दिवसापुरतेच ठेवावेत, ते पारदर्शक असावेत, त्यांवर पथकाचे नाव व शिक्षकांचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेला असावा आणि खेळ संपताच ते मोजून परत घ्यावेत. सार्वजनिक जागी तर डबा न ठेवणेच उत्तम. ठरलेल्या बिंदूवर पोहोचून तेथील पाटीवरचे साल किंवा दिव्याच्या खांबाचा क्रमांक टिपून आणायला सांगितले, तरी शोधाची गंमत तसूभरही कमी होत नाही.

जागेचे म्हणाल, तर बहुतेकांना आधी बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान आठवते; पण ते 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखालील बिबट्यांचे जंगल आहे, तेथे वन विभागाच्या परवानगीशिवाय आणि ठरलेली वाट सोडून मुलांना कदापि नेऊ नये. कान्हेरीची लेणी, किल्ले, रेल्वेची हद्द आणि कुलाब्याचा संरक्षण विभागाकडील भागही वगळावा. पहिला खेळ शाळेच्या पटांगणावर घ्यावा. नंतर रीतसर परवानगीने माहीमचे निसर्ग उद्यान किंवा क्रिकेटवाल्यांची गर्दी होण्याआधी, अगदी सकाळी, शिवाजी पार्क.

खेळाआधीची एक तासिका मात्र चुकवू नये. जिओकॅशिंगमध्ये स्थान बहुधा अंश आणि दशांश मिनिटांत देतात, तर मोबाइलवरील नकाशा अनेकदा नुसते दशांश अंश दाखवतो. शिवाजी पार्कावरील एखाद्या बिंदूचा अक्षांश 19.0275 अंश असेल, तर तो 19 अंश 1.650 मिनिटे होतो, कारण अपूर्णांकाला 60 ने गुणावे लागते. घाईत कोणी तो 19 अंश 2.75 मिनिटे असा वाचला, तर चूक 1.1 मिनिटांची होते; अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे सुमारे 1,852 मीटर, तेव्हा अशी टोळी (पथकातील मुलांचा छोटा गट) दोन किलोमीटर उत्तरेला, थेट माहीमला जाऊन डबा शोधत बसेल! हे गणित फळ्यावर प्रत्येक टोळीनायकाकडून करवून घ्यावे. भूगोलाच्या तासाला कंटाळणारी मुलेही त्यात रमतात.

शिवाय उंच इमारतींच्या भिंतींवरून आणि दाट झाडीतून येताना उपग्रहांचे संकेत विचलित होतात, त्यामुळे मोकळ्यावर जेमतेम पाच मीटरच्या आसपास असणारी चूक तेथे बरीच वाढते. यंत्राने त्या परिसरात आणून सोडले की पुढचे काम डोळ्यांचे, आणि येथेच स्काऊटांना शिकवलेल्या माग काढण्याच्या खुणा व होकायंत्र उपयोगी पडतात. मुंबईत चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत नगण्य फरक असल्याने होकायंत्राच्या वाचनात दुरुस्ती करण्याची गरजही पडत नाही.

प्रश्न : या निमित्ताने मुलांच्या हाती पुन्हा मोबाइलच येणार ना?
– एक पालक, विलेपार्ले

उत्तर : प्रत्येकाच्या हाती नव्हे. एका टोळीला एकच फोन द्यावा आणि प्रत्येक बिंदूनंतर तो पुढच्या मुलाकडे जावा. बाकीच्यांकडे कागदी नकाशा, होकायंत्र आणि पेन्सिल. जीपीएस उपग्रहांचे संकेत केवळ ग्रहण करतो, त्यामुळे नकाशा आधी उतरवून घेतल्यास इंटरनेट बंद ठेवूनही खेळ चालतो. फक्त निघण्यापूर्वी काही मिनिटे उघड्या आकाशाखाली थांबावे, कारण नेटवर्कच्या मदतीवाचून फोनला पहिले स्थान सापडायला थोडा अधिक वेळ लागतो.