तुमचे प्रश्न : मलेरियाची लाल पेशी आणि कर्करोगावरचा जनुकोपचार

पाऊस सुरू झाला की मलेरियाबद्दलची पत्रं येतातच. त्यांच्या जोडीला या वेळी जनुकोपचाराबद्दलचीही आली आहेत. दोन्ही विषयांचं मूळ रक्तपेशीच्या पृष्ठभागावर आहे, म्हणून उत्तरं एकत्र देत आहोत.

प्रश्न : मलेरियाचा जंतू कॅन्सर मारतो, असा मेसेज आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर फिरतोय. कोपनहेगनच्या शास्त्रज्ञांचं नावही दिलंय. खरं किती? (एक वाचक, वाशी)

मेसेजमधलं विधान चुकीचं आहे, पण ज्या संशोधनाचं नाव घेतलंय ते खरं आहे. मलेरिया झाल्याने कॅन्सर बरा होत नाही. केमोथेरपीने खचलेल्या माणसाला फाल्सिपेरम मलेरिया (मलेरियाचा सर्वांत घातक प्रकार) झाला तर दोन-तीन दिवसांत जिवावर बेतू शकतं. तेव्हा हा मेसेज पुढे पाठवू नका.

आता मूळ संशोधन. फाल्सिपेरमचा परजीवी लाल पेशीत शिरला की सुरुवातीला ती पेशी रक्तातून मोकळी फिरते. वाढत्या परजीवीमुळे ती ताठ होऊ लागते आणि अशा ताठ पेशी प्लीहा गाळून टाकते. हे टाळायला परजीवी पेशीच्या पृष्ठभागावर बारीक गाठी उठवतो आणि त्यांवर स्वतःचं चिकट प्रथिन मांडतो. पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटली की प्लीहेपर्यंत पोचतच नाही. या प्रथिनाची सुमारे ६० जनुकं परजीवीकडे असतात. तो एका वेळी एकच वापरतो आणि शरीराने ते ओळखलं की दुसरं काढतो.

या साठांपैकी एक प्रथिन म्हणजे व्हार-टू-सीएसए. ते फक्त एका खास शर्करासाखळीला चिकटतं. ही साखळी म्हणजे वारेच्या (प्लासेंटाच्या) पेशींवर असणारं विशिष्ट रचनेचं कॉन्ड्रॉइटिन सल्फेट. गरोदर बाईला मलेरिया झाला तर वारेत परजीवी साचतात, बाळाचं वजन घटतं, ते यामुळेच. कोपनहेगनचे अली सलांती आणि व्हँकुव्हरचे मॅड्स डाउगार्ड यांच्या गटांनी २०१५ साली दाखवलं की अनेक प्रकारच्या कर्करोगाच्या पेशी हीच साखळी पुन्हा अंगावर आणतात. वारही झपाट्याने वाढते, शेजारच्या ऊतीत घुसते, स्वतःसाठी रक्तपुरवठा ओढून घेते. गाठ तेच करते. तेव्हा दोघींच्या अंगावर एकच खूण सापडावी, यात नवल नाही.

इथे परजीवी कुठेच वापरत नाहीत. त्या प्रथिनाचा चिकटणारा तुकडा तेवढा प्रयोगशाळेत बनवतात. त्याला विषारी औषध जोडून उंदरांतल्या गाठींवर सोडलं गेलं. तोच तुकडा चुंबकीय मण्यांवर चढवून रुग्णाच्या रक्तात भटकणाऱ्या मोजक्या कर्करोगपेशी पकडून दाखवल्या गेल्या. टी-पेशींना (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशींना) गाठीकडे नेणारी दोरी म्हणूनही त्याच्यावर काम झालं आहे.

अडचणीही खऱ्या आहेत. प्रथिन मोठं आणि गुंतागुंतीच्या घडीचं आहे, घडी चुकली की चिकटत नाही. जिला गरोदरपणी मलेरिया होऊन गेलाय तिच्या रक्तात याविरुद्ध प्रतिपिंडं असू शकतात, ती औषध वाटेतच अडवतील. आणि गरोदर स्त्रीला हे देता येणार नाही, कारण खरी वारही त्याच खुणेची. रुग्णालयात जाऊन घेता येईल असा हा उपचार आज नाही.

प्रश्न : एमएस्सीच्या प्रकल्पासाठी फाल्सिपेरमचं कल्चर लावते आहे. आठव्या-दहाव्या दिवशी ते क्रॅश होतं. काय चुकतंय? (एक विद्यार्थिनी, कळवा)

बहुतेक वेळा दोष रक्तात, हवेत नाहीतर हाव धरण्यात असतो. १९७६ साली ट्रेगर आणि जेन्सन यांनी परजीवी प्रयोगशाळेत वाढवण्याची, म्हणजे कल्चरची, ही पद्धत बसवली. तेव्हापासून तिच्यातलं मर्म फारसं बदललेलं नाही.

रक्त ओ पॉझिटिव्ह, एचआयव्ही-कावीळ तपासलेलं आणि ताजं घ्या. तीन-चार आठवडे जुन्या पेशींत परजीवी नीट शिरत नाहीत. दात्याने डॉक्सिसायक्लिन, ॲझिथ्रोमायसिन यांसारखी औषधं नुकतीच घेतलेली नकोत. सीरम नसलेल्या आरपीएमआय-१६४० या पोषक माध्यमात, सेंट्रिफ्यूजमध्ये ५०० जीवर ५ मिनिटं, असं तीनदा धुवा. दर वेळी वरचा पांढुरका थर पूर्ण ओढून घ्या. तो राहिला तर पांढऱ्या पेशी माध्यम खातात.

माध्यमात लिटरला हेपीस (पीएच टिकवणारं) सुमारे ६ ग्रॅम, सोडियम बायकार्बोनेट २ ग्रॅम, ॲल्ब्युमॅक्स (सीरमऐवजीचं प्रथिन) ५ ग्रॅम आणि हायपोझँथिन ५० मिलिग्रॅम. शेवटचं विसरू नका. परजीवीला प्युरिन स्वतः बनवता येत नाही, ते बाहेरूनच लागतं. हायपोझँथिन पाण्यात सहज विरघळत नाही, आधी थोड्या सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये विरघळवून मग घाला. पीएच ७.२ ते ७.४.

वायू ५ टक्के ऑक्सिजन, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड, बाकी नायट्रोजन. सिलिंडर नसेल तर मेणबत्तीची बरणी चालते. डेसिकेटरमध्ये मेणबत्ती लावा, झाकण ठेवा, ज्योत विझली की तोटी बंद करा. मात्र २५ चौरस सेंटिमीटरच्या फ्लास्कमध्ये ५ मिलीच भरा. जास्त भरलं तर तळाशी बसलेल्या पेशींना वायू पोचत नाही.

आठव्या-दहाव्या दिवसाचं कोडं बहुधा असं असतं : कल्चर जोमात आलंय म्हणून तुम्ही ते तसंच राहू देता. ४ टक्के हिमॅटोक्रिटवर (माध्यमातलं लाल पेशींचं प्रमाण) पॅरासायटेमिया (परजीवी असलेल्या पेशींचं प्रमाण) ५ टक्क्यांच्या वर गेला की एका रात्रीत लॅक्टिक ॲसिड साचतं, माध्यम पिवळं पडतं. सकाळी स्मिअर (काचेवर पसरून रंगवलेल्या पेशी) पाहा. काल जिथे नाजूक निळी कडी आणि तिच्यावर लाल ठिपका होता, तिथे आक्रसलेला काळपट बिंदू दिसेल. तो मेला. ३ टक्क्यांना पोचलं की ताज्या पेशी घालून अर्ध्या टक्क्यावर आणा आणि माध्यम रोज बदला, रविवारीसुद्धा.

सगळे परजीवी एका वयाचे हवे असतील तर कोवळ्या कडी अवस्थेत ५ टक्के सॉर्बिटॉलमध्ये १० मिनिटं ठेवा. मोठे परजीवी असलेल्या पेशींच्या आवरणातून सॉर्बिटॉल आत शिरतं, पाणी ओढलं जातं, पेशी फुटते, कडीवाल्या तगतात.

वाशीच्या उत्तरातलं चिकट प्रथिन तुमच्या प्रकल्पात असेल तर एक लक्षात ठेवा. प्लास्टिकच्या फ्लास्कमध्ये प्लीहा नसते, म्हणून महिनोन्‌महिने वाढवलेल्या कल्चरमध्ये गाठी उठवणारं जनुकच गळून जातं. दर काही आठवड्यांनी जिलेटिनच्या द्रावणात पेशी तरंगवून वर राहणाऱ्या निवडा. गाठीवाल्या वर राहतात, बिनगाठीच्या तळाला बसतात. नाहीतर वर्षभर काम करून शेवटी काहीच चिकटत नाही.

प्रश्न : लाल पेशीचं जनुक बदलून मलेरिया कायमचा टाळता येईल का? (घोडबंदर रोड, ठाणे)

पक्व लाल पेशीत केंद्रकच नसतं, त्यामुळे बदलायला जनुकच नाही. बदल करायचा तर अस्थिमज्जेतल्या मूळ पेशीत करावा लागतो. सिकलसेलसाठी तसा उपचार २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत मंजूर झाला. त्यात मूळ पेशी बाहेर काढतात, जनुकात छेद देतात, जोरकस केमोने मज्जा रिकामी करतात आणि पेशी परत सोडतात. गोळ्यांनी बरा होणाऱ्या मलेरियासाठी एवढा धोका पत्करणं योग्य नाही.

प्रश्न : वडिलांचा लिम्फोमा दोनदा उलटला. डॉक्टरांनी कार-टी सुचवली आहे. नेमकं काय करतात, आणि कुठे बिघडू शकतं? (खारघर)

तुमच्या घराजवळच्याच ॲक्ट्रेकमध्ये, म्हणजे टाटा मेमोरियलच्या केंद्रात, २०२१ साली देशातली पहिली कार-टी (रुग्णाच्याच टी-पेशींत नवं जनुक घालून त्या परत देण्याचा उपचार) दिली गेली. पवईच्या आयआयटीत घडलेली ही पेशी नेक्सकार-१९ या नावाने ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजूर झाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपतींच्या हस्ते तिचं लोकार्पण झालं. पंधरा वर्षांवरच्या, उलटलेल्या किंवा औषधाला दाद न देणाऱ्या, बी-पेशींच्या (प्रतिपिंडं बनवणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या) ल्युकेमिया-लिम्फोमासाठी ती आहे. खर्च परदेशाच्या सुमारे दहावा हिस्सा असला तरी लाखांतच जातो. त्यामुळे पेशींची पिशवी, चाचण्या, आयसीयू असं वेगवेगळं अंदाजपत्रक लेखी मागा.

पहिली पायरी ल्युकाफेरेसिस. तीन-चार तास रक्त यंत्रातून फिरतं, पांढऱ्या पेशी पिशवीत आणि बाकीचं परत अंगात. रक्त गोठू नये म्हणून घातलेलं सायट्रेट कॅल्शियम पकडतं, म्हणून ओठ-बोटं झिणझिणतात. लगेच सांगायला लावा, कॅल्शियम दिलं की थांबतं. त्याआधी स्टेरॉइड चालू असेल तर कधी बंद करायचं ते विचारा. स्टेरॉइडने टी-पेशी घटतात आणि पिशवी कमकुवत निघते.

मग प्रयोगशाळेत टी-पेशींना त्यांच्या पृष्ठभागावरच्या सीडी-३ आणि सीडी-२८ या खुणांवरून जागं करतात, लेंटिव्हायरस या विषाणूच्या रिकाम्या कवचातून नवं जनुक आत सोडतात आणि साधारण आठवडा-दहा दिवस वाढवतात. त्या जनुकामुळे टी-पेशीच्या अंगावर बी-पेशीवरची सीडी-१९ ही खूण पकडणारा हात उगवतो. निर्जंतुकता, जिवंत पेशींचं प्रमाण, जनुकाच्या प्रती असं सगळं तपासून पिशवी द्रव नायट्रोजनच्या थंडीत जाते. जुन्या केमोने थकलेल्या पेशी कधी पुरेशा वाढतच नाहीत. तेव्हा काय करायचं, हे आधीच बोलून ठेवा. मधल्या आठवड्यांत आजार आवरण्यासाठी वेगळी केमो लागू शकते.

पेशी देण्याआधी तीन दिवस फ्लुडाराबिन आणि सायक्लोफॉस्फमाइड ही केमोची औषधं देतात, नव्या पेशींना जागा व्हावी म्हणून. पिशवी ३७ अंशांच्या पाण्यात वितळवून लगेच चढवतात. खोलीत लसणासारखा वास येईल, तो गोठवताना वापरलेल्या डायमिथाइल सल्फॉक्साइडचा, घाबरू नका. या पिशवीला पांढऱ्या पेशी गाळणारा फिल्टर कधीच लावत नाहीत, नाहीतर औषधच फिल्टरमध्ये अडकेल.

बिघाड दोन प्रकारचा. एक म्हणजे सायटोकाइनचं (पेशी सोडतात त्या दाहाच्या संदेशरेणूंचं) वादळ : ताप, रक्तदाब घसरणं, धाप. त्यावर टॉसिलिझुमॅब हे औषध, वजनाच्या किलोमागे ८ मिलिग्रॅम, कमाल ८००. दुसरा मेंदूवरचा परिणाम. तो पकडायची रीत साधी आहे. बाबांकडून रोज एकच वाक्य वहीत लिहून घेतात, ‘माझं घर खारघरला आहे’ एवढंही पुरतं. आदल्या दिवशी ओळीत बसलेली अक्षरं आज खाली घसरली, जोडाक्षर अर्धंच राहिलं, शंभरापासून दहा-दहाने उलटं मोजताना सत्तरीला अडकले, तर परिचारिकेला त्याच क्षणी बोलवा. वही जपून ठेवा.

पुढे निरोगी बी-पेशीही मरतात, कारण खूण तीच. म्हणून इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडं) द्यावं लागू शकतं. आणि काही जणांत आजार परत येतो तो सीडी-१९ टाकून दिलेल्या पेशींचा. मलेरियाचा परजीवी पृष्ठभागावरचं प्रथिन बदलून निसटतो, कर्करोगपेशी खूण पुसून. नव्या खुणांचा शोध चालू आहे तो यासाठीच.

प्रश्न : कार-टी घेऊन आई महिन्याभरापूर्वी घरी आली. आजूबाजूला बांधकामं, डास भरपूर. ताप आला तर पॅरासिटामॉल देऊन वाट पाहावी का? (उलवे)

वाट पाहू नका. १००.४ फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सिअस, दिसलं की रुग्णालयाच्या दिलेल्या नंबरवर फोन करा. पॅरासिटामॉल त्यांनी सांगितल्यावरच, कारण ताप उतरला की खूण लपते. जंतुसंसर्ग असो, उशिराचं सायटोकाइनचं वादळ असो किंवा मलेरिया, हात लावून तिन्ही ताप सारखेच. मलेरियात परजीवी फुटताना शरीर तेच सायटोकाइन सोडतं.

म्हणून रक्ताच्या कल्चरबरोबर (रक्तातले जंतू वाढवून पाहण्याच्या चाचणीबरोबर) मलेरियाची जाड आणि पातळ फिल्म, म्हणजे काचेवर पसरलेलं रक्त, त्याच वेळी मागा. जाड फिल्मवर ऑइल इमर्शनखाली किमान १०० क्षेत्रं पाहिल्याशिवाय ‘निगेटिव्ह’ म्हणत नाहीत. एक फिल्म निगेटिव्ह आली आणि ताप राहिला, तर १२ ते २४ तासांनी पुन्हा. कार्डवरची एचआरपी-२ चाचणी (फाल्सिपेरमचं एक प्रथिन शोधणारी) मात्र जुन्या फाल्सिपेरमनंतरही काही आठवडे पॉझिटिव्ह राहते, तेव्हा आधी मलेरिया झाला असेल तर तारीख सांगा.

आईला पूर्वी व्हायवॅक्स (मलेरियाचा दुसरा प्रकार) झाला असेल आणि प्रायमाक्विनचे (यकृतातला परजीवी मारणाऱ्या गोळीचे) १४ दिवस पुरे झाले नसतील, तर ते डॉक्टरांना आजच कळवा. व्हायवॅक्स यकृतात दडून महिन्यांनी उठतो, त्याला नवा डास लागत नाही. मात्र प्रायमाक्विन जी-६-पीडी हे लाल पेशी जपणारं विकर तपासल्याशिवाय देत नाहीत, नाहीतर लाल पेशी फुटतात.

शहरातला मलेरियाचा डास, ॲनोफिलीस स्टीफेन्साय, स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो : गच्चीची टाकी, स्लॅबवर क्युरिंगसाठी तुंबवलेलं पाणी, लिफ्टचा खड्डा. अंड्यापासून डास व्हायला सात ते दहा दिवस लागतात, म्हणून दर आठवड्याला एकदा सगळं कोरडं. टाकीचं झाकण घट्ट आणि ओव्हरफ्लोच्या पाइपाला बारीक जाळी. शेजारच्या साइटवर पाणी दिसलं तर मुकादमाला सांगा आणि आरोग्य विभागाकडे लेखी तक्रार द्या. आईच्या पलंगाला मच्छरदाणी संध्याकाळपासूनच लावा आणि कडा गादीखाली खोचा.